सोपवलेले नाव : डोमेनच्या वादांच्या अभ्यासाची प्रस्तावना

कायद्याच्या फार थोड्या शाखांमध्ये नवख्या वाचकाला पहिल्याच पानावर मूळ प्रश्न सापडतो. डोमेन-नावांच्या वादांची शाखा त्या मोजक्या शाखांपैकी आहे. एका व्यापाऱ्याने वेबसाइट काढायचे ठरवले आणि ते काम दुकानातल्या संगणक जाणणाऱ्या कर्मचाऱ्याकडे दिले. त्याने स्वतःच्या ईमेलवर खाते उघडले, ओटीपी स्वतःच्या मोबाइलवर घेतला, पैसे दुकानाच्या गल्ल्यातून भरले आणि नाव नोंदवले. पुढे काही वर्षांनी नोकरी सुटली, मने दुखावली आणि एके दिवशी वेबसाइट बंद पडली. आता ते नाव कोणाचे? ज्याच्या नावावर नोंद आहे त्याचे, ज्याने पैसे भरले त्याचे, की ज्याचा धंदा लोक त्या नावाने ओळखतात त्याचे? या अभ्यासक्षेत्राचा सारा पसारा या तीन पर्यायांतून उभा राहिला आहे. वकील, विद्यार्थी, व्यापारी, वेबसाइट बनवणारे तरुण आणि नोकरी सोडताना आपल्या हातात मालकाचे काय उरले याचा प्रामाणिकपणे विचार करणारा कर्मचारी, अशा सर्वांचे इथे स्वागत आहे. आत येण्यासाठी संगणकशास्त्राची पदवी लागत नाही, कायद्याचीही लागत नाही. विश्वासाने सोपवलेली वस्तू परत कशी मागावी आणि परत कशी करावी, याची चाड असली की पुरे.

भंडारा जिल्ह्यातल्या जवाहरनगरात बसून या विषयाकडे पाहिले की त्याचा एक पैलू ठळक दिसतो. जवाहरनगर ही आयुध निर्माणीची वसाहत. १९६०च्या दशकात इथे कारखाना उभा राहिला आणि त्याच्याभोवती गाव वसले. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ संपुष्टात आले, देशभरातल्या निर्माण्या सात सरकारी कंपन्यांत विभागल्या गेल्या आणि भंडाऱ्याची निर्माणी पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे आली. एवढा मोठा बदल झाला, तरी संस्थेची कागदपत्रे, शिक्के, नावे हे सारे एका व्यवस्थेकडून दुसऱ्या व्यवस्थेकडे गेले. सरकारी यंत्रणेत नाव पदाकडे असते, पदावरच्या माणसाकडे नसते. ‘जीओव्ही डॉट इन’ने संपणारी नावे फक्त सरकारी संस्थांना मिळतात आणि तीही राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्रामार्फत. निवृत्त होणारा अधिकारी कार्यभार सोपवताना कपाटांच्या किल्ल्यांची यादी देतो आणि त्यावर दोघांच्या सह्या होतात.

निर्माणीच्या फाटकाबाहेर आले की ही शिस्त संपते. भंडाऱ्याचा पितळी भांड्यांचा व्यापार, तुमसर परिसरातल्या राईस मिल, मोहाडी तालुक्यातले कोसा रेशमाचे विणकर, वरठीच्या पोलाद कारखान्याच्या आधाराने चालणारे छोटे उद्योग, महामार्गावरची हॉटेले, शिकवणीवर्ग, या सगळ्यांना आज वेबसाइट आणि ईमेल लागतो. पण कार्यभार सोपवण्याची लेखी पद्धत त्यांच्यापैकी फार थोड्यांकडे असते. तिथे व्यवहार शब्दावर चालतो. शब्दावर चालणाऱ्या धंद्यात संकोच असतो, आपलेपणा असतो, आणि म्हणूनच ‘डोमेन कोणाच्या नावावर घेतले?’ हा प्रश्न विचारायचा राहून जातो. मोठ्या कंपन्यांचे वाद निकालपत्रांत छापले जातात, लहान धंद्यांचे वाद बहुधा मनात साठून राहतात. या क्षेत्राची खरी गरज ज्यांना आहे ते त्यापासून सर्वांत दूर आहेत, आणि मराठीत या विषयावर लिहिण्याचे पहिले कारण तेच आहे.

आधी वस्तू नीट ओळखून घेऊ. इंटरनेटवरची यंत्रे एकमेकांना आकड्यांनी ओळखतात. माणसाला ते आकडे लक्षात राहत नाहीत, म्हणून १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी नावांवरून आकडे शोधून देणारी डोमेन नेम सिस्टिम रचली. १९९८ पासून तिच्या कारभाराचा समन्वय आयकॅन ही संस्था करते. ‘डॉट कॉम’ची मध्यवर्ती नोंदवही व्हेरिसाइन या कंपनीकडे आहे, ‘डॉट इन’ची निक्सी या भारतीय संस्थेकडे. त्यांच्याखाली रजिस्ट्रार म्हणजे नावे विकणाऱ्या कंपन्या येतात, आणि शेवटी येतो नाव घेणारा नोंदणीधारक. नोंदणीधारकाला मिळते ते करारातून आलेले, मुदतीचे हक्क. मुदत एका वर्षाची घेता येते, फार तर दहा वर्षांची. शुल्क भरत राहिले तर नाव टिकते, नाही भरले तर सुटते.

या नावाभोवती आणखी चार गोष्टी असतात आणि वाद समजण्यासाठी त्या वेगळ्या ओळखाव्या लागतात. रजिस्ट्रारकडचे खाते ही पहिली. ते नाव कोणत्या यंत्राकडे जाईल हे सांगणारी नेमसर्व्हरची नोंद ही दुसरी. वेबसाइटची पाने जिथे साठवलेली असतात ते होस्टिंग ही तिसरी, आणि त्या नावावर चालणारी ईमेलची सोय ही चौथी. ‘माझी वेबसाइट नेली’ अशी तक्रार घेऊन माणूस वकिलाकडे येतो, तेव्हा यांपैकी नेमके काय गेले आहे हे पहिल्यांदा शोधावे लागते. होस्टिंग कर्मचाऱ्याकडे आणि डोमेन मालकाकडे असेल, तर वेबसाइट दोन दिवसांत दुसरीकडे उभी करता येते. डोमेनच दुसऱ्याच्या खात्यात असेल, तर पाने, ईमेल, गिऱ्हाईकांचे निरोप हे सगळेच त्याच्या मर्जीवर येते. बँकेचे, जीएसटीचे, मालाच्या ऑर्डरचे संदेश त्याच पत्त्यावर येत असतील, तर हानी जाहिरातीपुरती राहत नाही.

नोंदणीधारकाच्या नोंदीचे कायद्यातले वजन समजावून सांगायला आपल्याकडे सातबारासारखे दुसरे उदाहरण नाही. सातबाऱ्यावर थोरल्या भावाचे नाव असते म्हणून सगळे शेत एकट्या त्याचे होत नाही, हे गावातल्या प्रत्येकाला ठाऊक असते. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम १५७ सांगते की अधिकार अभिलेखातली नोंद खरी मानावी, मात्र विरुद्ध सिद्ध होईपर्यंतच. मालकीचा शेवटचा शब्द दिवाणी न्यायालयाचा. डोमेनच्या नोंदीचेही तसेच आहे. ती महत्त्वाचा पुरावा आहे, मालकीचा निवाडा नाही. फरक एवढाच की सातबाऱ्यावर फेरफार घेताना नोटीस निघते, हरकतीला मुदत मिळते, तलाठी आणि मंडळ अधिकारी मध्ये असतात. डोमेनच्या नोंदवहीत यांपैकी काहीच नाही. जो खात्यात लॉगिन करू शकतो त्याचे ती ऐकते. हक्क आणि ताबा यांच्यातले हे अंतर पुढच्या सगळ्या निकालांच्या मुळाशी आहे.

भारतीय न्यायालयांनी हे अंतर लवकर ओळखले. १९९९च्या फेब्रुवारीत दिल्ली उच्च न्यायालयाने याहूच्या दाव्यात ‘याहूइंडिया डॉट कॉम’ वापरण्यास मनाई केली. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयापुढे रेडिफ कम्युनिकेशनचा दावा आला. समोरच्या पक्षाने ‘रेडिफ’च्या जागी ‘रॅडिफ’ असे एका अक्षराच्या फरकाचे नाव घेतले होते. डोमेन हा नुसता पत्ता नसून ट्रेडमार्कइतक्याच संरक्षणाला पात्र असलेली धंद्याची ओळख आहे, अशी भूमिका न्यायालयाने घेतली आणि मनाई दिली. २००० साली मुंबईच्या बेनेट कोलमन कंपनीने ‘टाइम्स ऑफ इंडिया’ आणि ‘इकॉनॉमिक टाइम्स’ या आपल्या वृत्तपत्रांची नावे असलेली डोमेन जिनिव्हाच्या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेमार्फत परत मिळवली. डोमेनचे वाद सोडवणाऱ्या त्या संघटनेच्या व्यवस्थेतल्या अगदी आरंभीच्या प्रकरणांत मुंबईची प्रकरणे आहेत, ही मराठी वाचकाने लक्षात ठेवावी अशी गोष्ट आहे.

६ मे २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट सोल्युशन्स हा निकाल दिला आणि या शाखेला भारतात पाया मिळाला. न्या. रुमा पाल यांनी लिहिलेल्या निकालपत्रात दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. डोमेनच्या वादांसाठी भारतात स्वतंत्र कायदा नसला, तरी पासिंग ऑफचा दावा त्यांना लागू पडतो. पासिंग ऑफ म्हणजे आपला माल किंवा सेवा दुसऱ्याच्या नावावर खपवणे. आणि दुसरी गोष्ट, नाव आधी नोंदवले एवढ्यावर हक्क ठरत नाही. त्या नावामागे कोणाची पत उभी आहे आणि नाव घेणाऱ्याचा हेतू काय होता, हे पाहावे लागते. हा निकाल पूर्ण वाचावा. भाषा सोपी आहे आणि पुढे येणाऱ्या बहुतेक मुद्द्यांची बीजे त्यात आहेत.

वर सांगितलेल्या वादांत समोरचा पक्ष परका होता. माजी कर्मचाऱ्याचा वाद याहून नाजूक असतो, कारण त्याने नाव चोरून घेतलेले नसते. ते त्याच्या हातात मालकानेच दिलेले असते. या प्रकारच्या वादाचे सर्वांत जुने गाजलेले उदाहरण अमेरिकेतले आहे. ॲडम करी हा एमटीव्ही वाहिनीचा निवेदक. १९९३ साली त्याने नोकरीत असताना स्वतःच्या नावावर ‘एमटीव्ही डॉट कॉम’ नोंदवले. कंपनीला तेव्हा इंटरनेटमध्ये रस नव्हता आणि आपण हे तिच्या माहितीने केले, असे त्याचे म्हणणे होते. १९९४ मध्ये त्याने नोकरी सोडली, कंपनीने दावा लावला. न्यायालयाने त्याचे म्हणणे उंबरठ्यावरच फेटाळले नाही, त्याच्या प्रतिदाव्यातला बराचसा भाग ऐकण्याजोगा ठरवला. पुढे तडजोड झाली आणि नाव कंपनीकडे गेले. मालकाने उदासीनपणे दिलेली परवानगी पुढे त्याच्याच विरुद्ध उभी राहू शकते, हा त्यातला धडा.

दुसरे प्रकरण लहान धंद्यांना अधिक जवळचे वाटेल. कॅलिफोर्नियातल्या डीएसपीटी या कपड्यांच्या कंपनीसाठी नाहूम या कर्मचाऱ्याने वेबसाइटचे नाव नोंदवले, पण स्वतःच्या नावावर. खर्च कंपनीने केला. २००५ मध्ये तो दुसऱ्या कंपनीत गेला. वेबसाइटवरचा कंपनीचा माल दिसेनासा झाला आणि चौकशीसाठी त्याच्याशी संपर्क साधावा अशी सूचना तिथे झळकली. आपले कमिशन थकले आहे, ते मिळाले की नाव देतो, असे तो म्हणत होता. ज्युरीने त्याची थकबाकी मान्य केली नाही आणि कंपनीला १,५२,००० डॉलर भरपाई दिली. २०१० साली अपील न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. नाव घेताना हेतू शुद्ध असला, तरी नंतर पैसे काढण्यासाठी ते अडवून ठेवणे हा दुष्ट हेतू ठरतो, असे त्या न्यायालयाने म्हटले. तो निकाल तिथल्या १९९९च्या खास कायद्याखालचा आहे, आपल्याकडे तो बंधनकारक नाही. पण त्यातला विचार कोणत्याही देशात तपासून पाहण्याजोगा आहे.

भारतात असा खास कायदा नसल्यामुळे अभ्यासकाला जुन्या कायद्यांतून वाट काढावी लागते, आणि या क्षेत्राचे खरे सौंदर्य तिथे आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचे कलम १७ सांगते की कर्मचाऱ्याने नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कृतीचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. म्हणजे वेबसाइटवरचा मजकूर आणि तिची रचना यांचे उत्तर मिळाले. पण डोमेन ही लेखनकृती नाही, त्यामुळे हे कलम तिथपर्यंत पोचत नाही. मग आपण १८७२च्या करार कायद्याकडे वळतो. कलम २१६ म्हणते की एजंटाने मालकाच्या नकळत, मालकाच्याच कामात स्वतःच्या खाती व्यवहार केला, तर त्याचा लाभ मालक मागू शकतो. १८८२च्या न्यास कायद्याचे कलम ८८ त्याहून पुढे जाते. विश्वासाच्या नात्याने बांधलेल्या माणसाने त्या नात्याचा उपयोग करून काही लाभ मिळवला, तर तो लाभ ज्याच्यासाठी विश्वास ठेवला गेला त्याच्यासाठीच तो धरून असतो. ब्रिटिश अमदानीत, घरोघरी वीजही नसलेल्या काळात लिहिलेली ही वाक्ये आज एका लॉगिनच्या वादाला लागू पडतात. प्रत्येक कर्मचारी विश्वस्त ठरत नाही. त्याच्याकडे नेमके काय सोपवले होते, यावर ते अवलंबून आहे. म्हणून ‘सोपवणे’ ही क्रिया सिद्ध करणे हे मालकाच्या वकिलाचे पहिले काम ठरते.

पगारी कर्मचारी आणि बाहेरून काम करणारा वेबसाइट-डिझायनर यांतला भेदही इथेच कळतो. डिझायनर ठरावीक मोबदल्यावर स्वतंत्रपणे काम करतो. लेखी करार नसेल तर त्याने रचलेल्या पानांचा कॉपीराइट सहसा त्याच्याकडे राहतो, पण धंद्याच्या नावामागची पत त्याची होत नाही. एकाच वेबसाइटमध्ये दोन वेगळे हक्क दोन वेगळ्या माणसांकडे असू शकतात, हे विद्यार्थ्याला पटवून देणे शिक्षकासाठी फार समाधानाचे असते.

दाद कुठे मागायची, हा पुढचा भाग. ‘डॉट कॉम’सारख्या नावांसाठी आयकॅनने १९९९ मध्ये स्वीकारलेले यूडीआरपी धोरण आहे. ‘डॉट इन’साठी निक्सीचे आयएनडीआरपी आहे आणि त्यातला निवाडा १९९६च्या लवाद कायद्याखाली होतो. दोन्हीकडे तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात : नाव आपल्या ट्रेडमार्कशी एकरूप किंवा फसगत होण्याइतके सारखे आहे, समोरच्याला त्यात रास्त हक्क किंवा हितसंबंध नाही, आणि त्याचा हेतू दुष्ट आहे. तिसऱ्या मुद्द्यावर दोन्ही धोरणे वेगळी होतात. यूडीआरपीत नाव दुष्ट हेतूने नोंदवलेले असावे आणि तसे वापरलेलेही असावे, अशी दुहेरी अट आहे. आयएनडीआरपीत दोहोंपैकी एक पुरे. मालकाच्या सांगण्यावरून, कामाचा भाग म्हणून ज्याने नाव नोंदवले, त्या कर्मचाऱ्याचा नोंदणीच्या दिवशीचा हेतू दुष्ट होता असे कसे म्हणणार? म्हणून तेच भांडण ‘डॉट कॉम’वर अवघड होते आणि ‘डॉट इन’वर सोपे. यूडीआरपीखाली काही लवादांनी असे धरले आहे की मालकाच्या कामासाठी घ्यायचे नाव परवानगीशिवाय स्वतःच्या नावावर घेणे यातच दुष्ट हेतू दिसतो. तर पगार, भागीदारी, करार यांची गुंतागुंत दिसली की अनेक लवाद ‘हे न्यायालयाचे काम’ म्हणून तक्रार फेटाळतात. दोन्ही प्रवाह वाचल्याशिवाय मत बनवू नये.

या दोन्ही मार्गांनी नाव परत मिळू शकते किंवा रद्द होऊ शकते, नुकसानभरपाई मिळत नाही. खर्चही विचारात घ्यावा लागतो. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे एका लवादापुढे पाचपर्यंत नावांसाठी १,५०० अमेरिकी डॉलर शुल्क आहे. राईस मिलच्या छोट्या मालकाला ही रक्कम जड जाते. त्याच्यासाठी न्यायालयाचा रस्ता समजून घेणे जास्त उपयोगाचे.

२०१५च्या वाणिज्यिक न्यायालये कायद्यात ‘वाणिज्यिक वाद’ या व्याख्येत बौद्धिक संपदेच्या यादीत डोमेन-नावांचा थेट उल्लेख आहे. वादाचे मूल्य किमान ३ लाख रुपये असेल तर हा कायदा लागू होतो. तातडीचा अंतरिम आदेश मागायचा नसेल, तर कलम १२ अ नुसार दाव्याआधी मध्यस्थी करावीच लागते आणि ती जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत होते. ही मध्यस्थी सक्तीची आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑगस्ट २०२२ रोजी पाटील ऑटोमेशनच्या निकालात सांगितले. तिला तीन महिन्यांची मुदत आहे, दोघांच्या संमतीने आणखी दोन महिने मिळतात. ही पायरी औपचारिक समजून उरकू नये. माजी कर्मचाऱ्याच्या वादात दोघे एकमेकांना ओळखतात, दोघांची घरे बहुधा एकाच पंचक्रोशीत असतात. मध्यस्थीला इतकी अनुकूल भूमी क्वचितच मिळते.

दावा कुठे लावायचा, याचे उत्तर ट्रेडमार्कच्या नोंदणीवर ठरते. नोंदवलेल्या ट्रेडमार्कचा भंग झाला असेल, तर १९९९च्या ट्रेडमार्क कायद्याच्या कलम १३४ नुसार मालक आपल्या धंद्याच्या ठिकाणच्या जिल्हा न्यायालयात, म्हणजे इथे भंडाऱ्यात, दाद मागू शकतो. माजी कर्मचारी बंगळूरला गेला असला तरी. ट्रेडमार्क नोंदवलेला नसेल आणि दावा पासिंग ऑफचा असेल, तर ही सवलत नाही. प्रतिवादी राहतो तिथे किंवा दाव्याचे कारण घडले तिथे जावे लागते. ट्रेडमार्क नोंदवायला लहान उद्योगाला एका वर्गात ऑनलाइन अर्जासाठी ४,५०० रुपये शुल्क पडते. तेवढ्या खर्चाने न्यायालय घराजवळ येते.

रजिस्ट्रारकडून काय अपेक्षा ठेवावी, यासाठी हिंदुस्तान युनिलिव्हर विरुद्ध एंड्युरन्स डोमेन्स हा मुंबई उच्च न्यायालयाचा जून २०२०चा आदेश वाचावा. न्या. गौतम पटेल यांनी त्यात डोमेनची यंत्रणा कशी चालते हे समजावून घेऊन मगच आदेश दिला. नोंदणी बहुतांशी आपोआप होते, प्रत्येक नावामागे पाहणारा माणूस बसलेला नसतो, त्यामुळे पुढे येणारे प्रत्येक संशयित नाव रजिस्ट्रारने आधीच अडवावे असा आदेश देता येत नाही, हा त्यातला गाभा. तंत्र समजल्याशिवाय मागितलेली दाद पोकळ ठरते, हे वकिलांनी यातून शिकावे. रजिस्ट्रार दोन पक्षांतला न्यायाधीश नाही. न्यायालयाचा किंवा लवादाचा आदेश आल्यावर नाव गोठवणे आणि हस्तांतरित करणे हे त्याचे काम.

फौजदारी मार्गाबद्दल सावधपणे बोलले पाहिजे. माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमे ४३ आणि ६६ परवानगीशिवाय संगणकात शिरणे आणि नुकसान करणे यांना लागू आहेत. भारतीय न्याय संहितेचे कलम ३१६ कर्मचाऱ्याकडून होणाऱ्या विश्वासघाताला सात वर्षांपर्यंतची शिक्षा सांगते. पासवर्ड बदलून गिऱ्हाईकांचे पैसे स्वतःच्या खात्यात वळवले असतील, तर ही कलमे योग्यच आहेत. पण नुसत्या मालकीच्या वादाला गुन्ह्याचे रूप देऊन तरुण मुलाला पोलीस ठाण्यात बसवणे हा न्याय नाही. दिवाणी वादासाठी फौजदारी कायद्याचा दबाव आणू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार बजावले आहे.

कर्मचाऱ्याची बाजू या क्षेत्रात पुरेशा आदराने ऐकली जावी, असे मला मनापासून वाटते. काही वेळा तोच बरोबर असतो. नोकरीत येण्याआधीच त्याने ते नाव घेतलेले असते. किंवा तो कर्मचारी नसून कागदावर न आलेला भागीदार असतो. किंवा नाव इतके सामान्य असते की त्यावर कोणाचीच एकट्याची पत नसते. खरा हक्क नसताना धाकाने नाव बळकावण्यासाठी तक्रार केल्यास यूडीआरपीचे लवाद तसे निकालात नोंदवतात, आणि तो ठपका मालकाच्या नावाला कायमचा चिकटतो. अनेकदा मात्र नाव अडवण्याच्या मागे थकलेला शेवटचा पगार असतो. थकबाकी खरी असली तरी तिच्या बदल्यात धंद्याचे नाव अडवून ठेवण्याचा हक्क मिळत नाही. आणि नाव परत हवे म्हणून पगार अडवण्याचा हक्क मालकालाही मिळत नाही. हे दोन हिशेब वेगळे केले की निम्मे वाद तिथेच सुटण्याच्या वाटेला लागतात. पहिली नोटीस पाठवण्याआधी मालकाने स्वतःला विचारावे : याचे काही देणे माझ्याकडे राहिले आहे का? राहिले असेल तर ते आधी द्यावे. त्यानंतरची मागणी अधिक स्वच्छ होते, आणि न्यायालयातही तिचे वजन वाढते.

पुराव्याची शिस्त ही या अभ्यासाची रोजची कसरत आहे. नोंदणीच्या दिवसाची पावती, पैसे कोणत्या खात्यातून गेले त्याचा उतारा, काम सोपवल्याचा ईमेल किंवा व्हॉट्सॲप संदेश, नेमणूकपत्र, त्या नावाने छापलेली बिले आणि खोकी, या सगळ्यातून कथा उभी राहते. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला भारतीय साक्ष अधिनियम, २०२३च्या कलम ६३चे प्रमाणपत्र जोडावे लागते. नोंदणीधारक कोण हे पूर्वी हूइज या खुल्या शोधसेवेवर कोणालाही दिसे. युरोपचा विदा-संरक्षण नियम मे २०१८ मध्ये लागू झाल्यापासून बहुतेक नावे झाकली गेली, आणि जानेवारी २०२५ पासून ‘डॉट कॉम’सारख्या नावांसाठी हूइजची जागा आरडॅप या पद्धतीने घेतली. म्हणून आपली स्वतःची पावती जपून ठेवण्याचे महत्त्व पूर्वीपेक्षा वाढले आहे. वेळेचेही भान हवे. माजी कर्मचाऱ्याने काहीही वाईट केले नाही, फक्त नूतनीकरण केले नाही, तरी नाव हातचे जाऊ शकते. मुदतीनंतरचे सवलतीचे दिवस संपल्यावर ‘डॉट कॉम’ नाव जादा शुल्क भरून सोडवायला ३० दिवस मिळतात, त्यानंतर ५ दिवसांनी ते सर्वांसाठी खुले होते.

पुढे काय अभ्यासावे, तेही सांगतो. २०१४ पासून देवनागरीत ‘डॉट भारत’ नावे मिळतात. ‘रेडिफ’ आणि ‘रॅडिफ’मधले साधर्म्य रोमन लिपीत तपासले गेले. ऱ्हस्व-दीर्घाच्या, अनुस्वाराच्या फरकाने घेतलेली मराठी नावे फसगत होण्याइतकी सारखी कधी मानायची, याचे निकष आपल्यालाच घडवायचे आहेत. भंडाऱ्याच्या चिन्नोर तांदळाला भौगोलिक मानांकन आहे. ते नाव साऱ्या उत्पादकांचे. पण डोमेनची नोंदवही पहिल्या येणाऱ्याला नाव देते आणि यूडीआरपीचा आधार ट्रेडमार्क हा आहे. सामूहिक नावाचे रक्षण तिथे कसे करायचे, हा भंडाऱ्याच्या एखाद्या विद्यार्थ्याने प्रबंधासाठी घ्यावा असा प्रश्न आहे. गूगलवरची दुकानाची नोंद, फेसबुकचे पान, धंद्याचा व्हॉट्सॲप क्रमांक यांचे वादही त्याच विश्वासातून जन्मतात, आणि त्यांच्यासाठी तर यूडीआरपीसारखी व्यवस्थाही नाही.

या साऱ्या वाचनातून एक विचार वाचकाने बरोबर न्यावा. नोंदवही ताबा दाखवते, हक्क मात्र सोपवण्यातून, वापरातून आणि लोकांच्या मनातल्या ओळखीतून ठरतो. न्यायालये हे मागाहून शोधून काढतात आणि त्याला वर्षे लागतात. आपण ते पहिल्या दिवशी लिहून ठेवू शकतो : डोमेन धंद्याच्या नावावर, खाते धंद्याच्या ईमेलवर, ओटीपीचा क्रमांक मालकाचा, नेमणूकपत्रात एक ओळ आणि निरोपाच्या दिवशी दोघांच्या सहीची यादी. निर्माणीच्या फाटकाआत किल्ल्या सोपवण्याची जी रीत आहे, ती फाटकाबाहेरच्या प्रत्येक दुकानात यावी. ती आली तर मालकाचे नाव वाचेल आणि कर्मचारीही कोणाच्या संशयाचे ओझे न घेता पुढच्या कामाला जाईल. या अभ्यासाने दोघांचेही भले व्हावे, याच अपेक्षेने वाचकाला आत बोलावतो आहे.

जवाहरनगर, जि. भंडारा